माशीच्या अंड्यावरचे दोरे : प्रकल्प नोंदी, सोलापूर

५ जानेवारी
विषय पक्का झाला. फळमाशीच्या अंड्याचं कवच कसं घडतं, आणि त्यातही अंड्याच्या पुढच्या टोकाजवळ जे दोन दोरे असतात ते कुठून येतात. मॅडमना वाटलं होतं मी परागीभवन किंवा डाळिंबावरची कीड घेईन. आमच्याकडे बहुतेक जण तेच घेतात, आणि सोलापुरात त्याला अर्थही आहे. पण मला हाच विषय हवा होता. बी.एस्सी.ला अंडपेशी शिकलो, भ्रूण शिकलो, आणि मधल्या कवचाला पुस्तकात एक ओळ. आपणही समजून बसलो की अंडंच स्वतःभोवती कवच घालून घेतं. तसं नाही. कवच बनवतात त्या बाहेरच्या पेशी, आईच्या शरीरातल्या. काम संपलं की त्या मागे राहतात आणि अंडं एकटं पुढे जातं. त्या पेशी कशा बसल्या होत्या, कुठून कुठे सरकल्या, हे सगळं कवचावर उमटून राहतं. ते वाचता येतं का, हे मला बघायचं आहे.

८ जानेवारी
माशांचं खाद्य लावलं: मक्याचा रवा, गूळ, यीस्ट, अगर, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल. बाटल्या उकळून घेतल्या, कापसाचे बोळे लावले. विभागात प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फळमाशीचा, ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरचा, जुना वाण आहेच, तोच वाढवायचा. सध्या थंडी आहे तोवर इनक्युबेटर नसला तरी चालेल. पण फेब्रुवारी सरता सरता इथल्या दुपारी तापायला लागतात, आणि साधारण ३० अंशांत सतत वाढलेले मेलानोगॅस्टरचे नर वांझ निघतात. म्हणून मुख्य काम फेब्रुवारीतच उरकायचं.

१४ जानेवारी
सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलीय. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे देवळाकडचे रस्ते बंद, म्हणून हैदराबाद रोडने मार्केट यार्डात गेले. लिलावानंतर बाजूला टाकलेल्या, फुटलेल्या डाळिंबांवर माशांचे थवे असतात. जाळी फिरवून बाटलीत घेतल्या. घरी येऊन भिंगाखाली पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच मेलानोगॅस्टर नव्हत्याच. अंग थोडं मोठं, तांबूस, आणि डोक्यापासून पाठीवर लांबलचक पांढऱ्या चंदेरी रेषा, कडेला काळ्या किनारीच्या. ही झॅप्रिओनस इंडियानस. १९७० साली गुप्ता यांनी भारतातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. मूळची आफ्रिकेकडची समजतात. पुढे १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये सापडली आणि तिथे अंजिराची मोठी कीड ठरली. आपल्याकडे डाळिंब, चिकू, अंजीर, काहीही चालतं तिला.

तिची अंडी मिळाली तर माझ्या प्रकल्पाला दुसरा पाय मिळेल. तिच्या अंड्यावर दोन नाही, चार दोरे असतात.

१७ जानेवारी
मिळाली. केळ्याच्या कापावर रात्रभर माद्या ठेवल्या होत्या. सकाळी ओल्या गरात रुतलेली पांढरी अंडी, आणि वर हवेत निघालेले चार-चार बारीक दोरे. शेजारच्या बाटलीत मेलानोगॅस्टरची, दोन-दोन दोऱ्यांची. दोन्ही एकाच स्लाइडवर ग्लिसरिनमध्ये ठेवली. मॅडम कितीतरी वेळ आयपीसवरून उठल्याच नाहीत.

दोरे कशाला? श्वासाला. अंडं सडत्या, ओल्या गरात रुतलेलं असतं. दोऱ्यांच्या भिंतीला सूक्ष्म जाळीदार पोकळी असते, त्या जाळीत हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि दोरा पाण्याखाली गेला तरी तो थर निघून जात नाही. आतल्या भ्रूणाला ऑक्सिजन तिथून मिळतो. ब्रिटनमधले हॉवर्ड हिंटन यांनी किती तरी कीटकांच्या अंडकवचात ही सोय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. अर्धा मिलिमीटर लांबीच्या अंड्याला इतकी तयारी लागते.

२२ जानेवारी
आज पहिलं विच्छेदन. माद्यांना दोन दिवस ओल्या यीस्टवर ठेवलं होतं. पोट टपोरं झालं की बीजांडकोश भरलेला मिळतो. ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात माशी ठेवली, एका चिमट्याने छाती धरली, दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक हळूच ओढलं. सगळं एकदम बाहेर येतं: आतडं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पांढरे झुपके. सुईने झुपका मोकळा केला की त्यात पंधरा-वीस नळ्या दिसतात. प्रत्येक नळीत एकामागे एक अंडी वाढत असतात. अरुंद टोकाला अगदी नवी, रुंद टोकाला तयार. म्हणजे एकाच नळीत अंड्याचा सगळा प्रवास ओळीने मांडलेला. चौदा टप्पे धरतात. वेळ न मोजता नुसती नळी वरून खाली पाहिली तरी कोणानंतर काय घडतं ते कळतं. विकासाचा अभ्यास करायला याहून सोयीचा अवयव माझ्या तरी पाहण्यात नाही.

अॅसिटोकारमाइनचा रंग दिला. नळीतल्या प्रत्येक पुटकात, म्हणजे वाढत्या अंड्याच्या पिशवीत, आत सोळा पेशी. एकाच पेशीचं चारदा विभाजन होतं, पण पेशी पुरत्या तुटत नाहीत, मधे कड्यांसारखे मार्ग उघडे राहतात. सोळांपैकी एक अंडपेशी होते, बाकी पंधरा तिला खाऊपिऊ घालणाऱ्या पोषक पेशी. त्यांची केंद्रकं प्रचंड, लालभडक. आणि या सोळांना बाहेरून वेढून एकपदरी अस्तर: फॉलिकल पेशी. सुरुवातीला ऐंशीच्या आसपास, वाढत वाढत सहाशेच्या वर. मग त्या विभाजन थांबवतात, पण डीएनएच्या प्रती वाढवत राहतात. माझा सगळा प्रकल्प या अस्तरावर आहे.

२३ जानेवारी
कालच्या स्लाइडवर सहाव्या-सातव्या टप्प्यापर्यंतची पुटकं जवळजवळ गोल, नंतरची लांबट. हे लांबट होणं कसं घडतं ते वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही. २०११ साली हेगो आणि बिल्डर यांनी जिवंत पुटकांचं चित्रण केलं, तेव्हा दिसलं की फॉलिकल पेशींचं अख्खं अस्तर पुटकाच्या अक्षाभोवती गोल फिरतं. बाहेरच्या पापुद्र्यात कोलॅजेनचे तंतू असतात, ते फिरण्याच्या दिशेने, म्हणजे पुटकाला आडवे, रांगेने बसतात. मग पुटक फुगायला लागलं की आडव्या बाजूने आवळलेलं असल्यामुळे लांबीतच वाढतं. फिरणं बंद पाडणाऱ्या उत्परिवर्तनांत अंडी गोलसर होतात. मेलेल्या, रंगवलेल्या स्लाइडवर मला हे फिरणं कधीच दिसणार नाही, पण लांबट आकार दिसतो आणि तो त्या फिरण्यातूनच आलेला आहे.

२९ जानेवारी
कवचाचे थर. मेलानोगॅस्टरची घातलेली अंडी ब्लीचच्या निम्म्या द्रावणात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. आधी दोरे विरघळतात, टोकाकडून मुळाकडे. मग कवचाचा बाहेरचा भाग, कोरिऑन, मऊ होऊन सुटतो आणि आत चकचकीत, गुळगुळीत अंडं उरतं. ते ब्लीचला दाद देत नाही, कारण सर्वांत आतला पीतक पडदा शाबूत असतो. हा पडदा फॉलिकल पेशी आधी, आठव्या ते दहाव्या टप्प्यात, स्रवतात. त्यावर मेणाचा पातळ थर. त्यावर कोरिऑनचा आतला स्फटिकासारखा थर. मग एंडोकोरिऑन: खाली फरशी, वर छत, मधे खांब, आणि खांबांमधल्या पोकळीत हवा. सर्वांत बाहेर एक्सोकोरिऑन.

ब्लीचमध्ये टाकण्याआधी एक गोष्ट नीट पाहून घेतली. प्रकाश तिरका पाडला की कवचावर षटकोनी जाळी दिसते. एकेक षटकोन म्हणजे एकेका फॉलिकल पेशीचा ठसा, आणि उंचवट्याच्या रेषा म्हणजे दोन पेशींमधल्या सीमा. पेशी गेल्या, त्यांच्या हद्दी राहिल्या. ५ तारखेला जे लिहिलं होतं ते असं डोळ्यांनी दिसलं.

३ फेब्रुवारी
मोहोळकडे मामांच्या शेतावर गेले होते. त्यांची तुतीची लागवड आहे, रेशीम शेती चांगली चाललीय. अळ्या निघून गेलेले अंडीपुंजांचे कागद मागितले. मामा म्हणाले, "घेऊन जा गं, मला काय करायचंय त्याचं. पण आधी जेवून घे." रिकामी कवचं कागदाला चिकटलेली असतात, पांढरी, पारदर्शक. एक कवच सोडवून पाण्यात उलगडलं. तीच जाळी! माशीहून कितीतरी ठळक. आणि एका टोकाला पाकळ्यांसारखी गोल मांडणी, मधे शुक्राणूच्या वाटेचं भोक.

५ फेब्रुवारी
रेशीमकिडा आणि माशी यांची तुलना मांडून ठेवते, कारण ती मला सगळ्यात मोलाची वाटली.

दोघांपुढे प्रश्न एकच. फॉलिकल पेशीने थोड्या वेळात भरमसाट प्रथिनं तयार करून बाहेर टाकायची. एका जनुकाच्या दोन प्रती असतील तर पुरवठा पुरा पडणार नाही. रेशीमकिड्याच्या गुणसूत्रात कोरिऑनची जनुकं मुळातच शंभराहून जास्त, वारशाने आलेली, आणि कवच घडायला साधारण दोन दिवस. जाड, थरावर थर, प्रत्येक थरात तंतूंची दिशा किंचित वळलेली. माशीकडे जनुकं मोजकी आणि वेळ फक्त पाचेक तास. मग ती काय करते? तेवढ्याच भागाच्या प्रती त्या पेशीत, त्या वेळी वाढवते. दहाव्या टप्प्याच्या उत्तरार्धात बाकी सगळ्या डीएनएची नक्कल थांबते आणि फक्त कोरिऑन जनुकांच्या ठिकाणी नक्कल परत परत सुरू होते. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या गटाच्या साठ-ऐंशी पट प्रती होतात, एक्स गुणसूत्रावरच्या गटाच्या साधारण वीस पटींपर्यंत. १९८० मध्ये स्प्रॅडलिंग आणि महोवाल्ड यांनी हे दाखवलं. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो, असं आपण परीक्षेत लिहितो. इथे तो सारखा नाही. हे बिघडलेल्या उत्परिवर्तनांत कवच पातळ होतं आणि अंडं टिकत नाही.

फॉलिकल पेशीला पुढच्या पिढीत जायचं नाही, म्हणूनच तिला हे परवडतं, असं मॅडमचं म्हणणं. पटतं मला.

१० फेब्रुवारी
शुक्राणूच्या वाटेचं भोक माशीत कसं होतं? नवव्या टप्प्याची पुटकं शोधत बसले. पुढच्या टोकाच्या अस्तरातून सहा ते दहा पेशींचा एक घोळका सुटतो आणि पोषक पेशींच्या मधून वाट काढत अंडपेशीपर्यंत पोचतो. अंतर साधारण दीडशे मायक्रॉन, वेळ काही तासांची. रंगवलेल्या स्लाइडवर मोठ्या लाल केंद्रकांच्या मधे अडकलेली लहान केंद्रकांची एक गाठ दिसली, तीच ती. मॅडमना दाखवून खात्री केली. पुढे या पेशी, कडेने आत आलेल्या इतर फॉलिकल पेशींबरोबर, हे भोक, म्हणजे मायक्रोपाइल, घडवतात. १९९२ मध्ये डेनिस मॉन्टेल यांच्या गटाने ज्या उत्परिवर्तनाचा अभ्यास केला त्यात हा घोळका जागचा हलत नाही किंवा उशिरा निघतो. नाव 'स्लो बॉर्डर सेल्स'. मायक्रोपाइल नीट होत नाही, शुक्राणू आत जाऊ शकत नाही. अंडं दिसायला ठीक, पण फलन नाही. कर्करोगाच्या पेशी घोळक्याने कशा सरकतात ते समजून घ्यायला आज हाच घोळका वापरतात.

१६ ते २१ फेब्रुवारी
या आठवड्यात फक्त दोरे.

दोरे कुठे येणार हे आधी ठरतं, घडतात नंतर. ठरवणारी अंडपेशी. सहाव्या-सातव्या टप्प्यात तिचं केंद्रक मागून निघून पुढच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. गुरकेन जनुकाचा आरएनए तिथेच साठतो, आणि त्यापासूनचं प्रथिन शेजारच्या फॉलिकल पेशींना निरोप देतं: ही पाठीची बाजू. निरोप झेलणारा ग्राही फॉलिकल पेशींवर, तो टॉर्पेडो जनुकाचा. १९८७ मध्ये ट्रुडी शुपबाख यांनी मिश्र माशा तयार केल्या, ज्यांत अंडपेशीचा वंश एका प्रकारचा आणि फॉलिकल पेशी दुसऱ्या. त्यातून कळलं की गुरकेन अंडपेशीच्या वंशात शाबूत लागतं आणि टॉर्पेडो फॉलिकल पेशींत. कोण बोलतं आणि कोण ऐकतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारा प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही. निरोप गेलाच नाही तर अंड्याला पाठ राहत नाही, दोरेही नाहीत. उलट के-१० हे जनुक बिघडलं की निरोप सगळीकडे पसरतो आणि अंड्याच्या पुढच्या टोकाला चहूबाजूंनी दोऱ्याचा माल जमतो.

मग दोन दोरे का, एक का नाही? निरोप अगदी मधे सर्वांत तीव्र असतो. तिथल्या पेशी दोरा बनवत नाहीत. मधली पट्टी मोकळी राहते आणि तिच्या दोन बाजूंना, जिथे निरोप मध्यम असतो, तिथे पेशींचे दोन ठिपके उरतात. पुढच्या टोकाकडून येणारा दुसरा निरोप, डीपीपी नावाचं प्रथिन, त्यांची जागा लांबीच्या दिशेने पक्की करतो.

आता घडण. प्रत्येक ठिपक्यात दोन प्रकारच्या पेशी: दोऱ्याच्या नळीचं छत होणाऱ्या पन्नासेक आणि त्यांच्या कडेने, पुढच्या आणि मधल्या बाजूला काटकोनात बसलेल्या फरशीच्या पंधराएक. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात सेलेस्ट बर्ग यांच्या प्रयोगशाळेने हे बारकाईने मांडलं आहे. छताच्या पेशी आतल्या टोकाला आकसतात, त्यामुळे सपाट अस्तराला बाक येतो. फरशीच्या पेशी छताखाली शिरतात, दोन बाजूंनी येऊन एकमेकींना भेटतात आणि कोपऱ्यापासून चेनसारखी शिवण बंद होत जाते. झाली नळी. आई गणवेशाच्या बाह्या शिवते तेव्हा हेच करते: सपाट कापड, दुमड, दोन कडा एकत्र, बाही तयार. फरक एवढाच की इथे शिवणारा कुणी बाहेरून येत नाही, कापडच स्वतःला शिवतं. मग नळी पुढे सरकत लांब होते, आणि पेशी नळीच्या पोकळीत कोरिऑन स्रवतात. दोरा म्हणजे त्या नळीच्या साच्यात ओतलेला आकार. नळी मागे राहते, आकार अंड्याबरोबर जातो.

अकराव्या टप्प्यात पोषक पेशी आपलं सगळं अंडपेशीत रिकामं करतात आणि अंडपेशी बघता बघता दुप्पट होते. त्याच सुमारास नळ्या पुढे वाढत असतात. बाराव्या-तेराव्या टप्प्याची पुटकं वेगळी करून ग्लिसरिनमध्ये पाहिली, काच थोडी सरकवली की पुटक लोळतं आणि पाठ वर येते. दोन आखूड, बोथट नळ्या, आत पांढरट पदार्थ भरू लागलेला. पुढच्या पुटकात त्या लांब. पुढच्यात टोक चपटं, वल्ह्यासारखं रुंद. फोन आयपीसला धरून फोटो घेतले, चांगले आलेत.

२५ फेब्रुवारी
झॅप्रिओनसची विच्छेदनं सुरू. बीजांडकोशाची रचना तीच, नळ्या त्याच, सोळा पेशी त्याच. दहाव्या टप्प्यापर्यंत शेजारी ठेवलेल्या मेलानोगॅस्टरपासून मला वेगळं काही सांगता येत नाही. बाराव्याला मात्र पाठीवर चार फुगवटे स्पष्ट आहेत. एका नळीला नंतर फाटे फुटून चार होतात असं दिसत नाही. अगदी आखूड असल्यापासून चारही आपापल्या मुळांवर सुटे उभे असतात. म्हणजे फरक शिवणीत नसून त्याआधी, ठिपके पाडण्यात असावा. ड्रोसोफिला व्हिरिलिसलाही चार दोरे असतात, त्यामुळे चार होणं या कुळात एकट्या झॅप्रिओनसपुरतं नाही.

मॅडमनी लगेच विचारलं, "असावा म्हणजे? ठिपके तू पाहिलेस का?" पाहिले नाहीत. त्यासाठी प्रतिपिंडांचा रंग आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो, आमच्याकडे साधा आहे. तोवर निष्कर्षात एवढंच लिहायचं: चार नळ्या पहिल्यापासून वेगळ्या दिसतात.

२ मार्च
दुपारी प्रयोगशाळा तापते. माशांच्या बाटल्या माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवल्यात, तापमानाची नोंद सकाळ-दुपार-संध्याकाळ. शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे पोतं ओलं ठेवायचं पाणी बॅरलमध्ये धरून ठेवावं लागतं. मेलानोगॅस्टरची अंडी कमी झालीत. झॅप्रिओनस मजेत आहे, तिला उष्णता मानवते.

६ मार्च
झॅप्रिओनसचं कवच तिरक्या प्रकाशात. जाळी इथेही आहे. दोऱ्यांच्या मुळाशी षटकोन मोडतात, ओढल्यासारखे लांबट होतात. पेशी तिथून सरकल्या असणार. दोऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतले षटकोन मात्र नेहमीसारखे. मेलानोगॅस्टरमध्ये मुळं दोन, म्हणून असे लांबट पट्टे दोन. झॅप्रिओनसमध्ये चार मुळांभोवती चार वेगळे पट्टे दिसतात, की दोन रुंद पट्ट्यांत दोन-दोन मुळं? प्रतिपिंडांशिवाय, साध्या सूक्ष्मदर्शकावर विचारता येईल असा हा प्रश्न आहे, आणि ठिपके चार होते की दोन, याच्या जवळ नेणारा. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हेच कर. मोज."

मोजायचं काय ते ठरवलं: प्रत्येक मुळाभोवतीच्या पहिल्या तीन रांगांतल्या षटकोनांची लांबी आणि रुंदी, आणि शेजारच्या दोन मुळांच्या मधे नेहमीच्या आकाराचे षटकोन किती येतात. मायक्रोमीटरची पट्टी विभागातून घेतली. मोजमापासाठी ताजी घातलेली अंडीच घ्यायची, जुनी सुकून आत बसतात आणि जाळी वाकडी होते. उद्या केळ्याचे काप लावायचे, परवा सकाळी ऊन चढायच्या आत पहिली स्लाइड.